कंसाआधीचं वजा

तिचा फोन अजून येतो. दिवाळीला येतो, पप्पांच्या वाढदिवसाला येतो, आणि मधेच कधीतरी काही कारण नसतानाही येतो. पप्पा फोन घेतात आणि बोलत बोलत वाडीत शिरतात, केळींच्या मागे, जिथे रेंज धड येत नाही. घरात चांगली रेंज आहे, तरी तिकडेच जातात. अर्ध्या तासाने परत येतात ते हसतच. आई मुद्दाम माझ्याकडे बघत विचारते, ‘काय म्हणतेय तुमची विद्यार्थिनी?’ मी आता नोकरी करते, माझ्यासाठी स्थळं बघताहेत, आणि तरी त्या अर्ध्या तासात माझ्या पोटात दुखतं. दुखतं ते दुखतं, लपवून काय करू?

आमचं घर वसईकडच्या गास गावात. पुढे ओटी, मागे वाडी, वाडीत सोनचाफा, थोडा मोगरा आणि केळी. पप्पा नालासोपाऱ्याला एका पतपेढीत कामाला होते. पहाटे चाफा काढायचा, मग अंघोळ करून ऑफिस, असा त्यांचा क्रम. त्यांना खरं तर गणिताचा मास्तर व्हायचं होतं. बी.एस्सी. झाले, पुढे बी.एड.चं ठरलं, तेवढ्यात आजोबा गेले आणि थोरला मुलगा म्हणून वाडी गळ्यात पडली. त्यांनी तक्रार कधी केली नाही. पण माझी आठवीची पुस्तकं आली त्या दिवशी गणिताच्या पुस्तकाला त्यांनी स्वतः कव्हर घातलं आणि बाकीची सगळी माझ्यापुढे सरकवली. आता आपली धडगत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आकडे मला येत होते. फुलांच्या घरात वाढलेल्या पोरीला मोजणं वेगळं शिकवावं लागत नाही. घोटाळा झाला तो गणितात अक्षरं आल्यावर. एक्स म्हणजे काय हे पप्पा रोज संध्याकाळी ओटीवर बसून सांगायचे आणि मी रोज मान हलवायचे. ‘माहीत नसलेला आकडा,’ ते म्हणायचे. माहीत नाही तर विचारा ना कोणाला तरी, असं माझ्या मनात यायचं. सुरुवातीला ते चिडायचे. नंतर त्यांनी चिडणं सोडलं, माझी वही हळूच मिटून ठेवायला लागले आणि ‘जा, आईला मदत कर’ म्हणायला लागले. मला त्याचं जास्त वाईट वाटायचं.

ती नववीत आमच्या वर्गात आली. मूळची रत्नागिरीकडची, आधी मुंबईत चाळीत राहायची. तिच्या आईवडिलांनी स्टेशनच्या रस्त्याला नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला होता. दोघंही मुंबईला नोकरीला, परतायला रात्रीचे नऊ. शाळेत ती माझ्या बाकावर बसायची. तिला फ्लॅट होता, लिफ्ट होती, बाल्कनी होती, आणि माझ्याकडे दाखवायला काय, तर वाडी. म्हणून एका शनिवारी मीच तिला घरी घेऊन आले. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

चाफा बघून ती अगदी खुळावली. झाडाखाली उभी राहून वास घेतला, फोटो काढले, मला शंभर प्रश्न विचारले. मी तोऱ्यात उत्तरं दिली. मग पप्पा आले, चहा झाला, आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. घरी येणाऱ्या प्रत्येक पोराला ते तोच विचारायचे.

‘गणित कसं आहे?’

‘आवडतं काका, पण कळत नाही,’ ती म्हणाली.

मी वर्षभर नुसतं ‘कळत नाही’ म्हणत आले होते. आधी ‘आवडतं’ म्हणायचं मला कधी सुचलंच नव्हतं. पप्पांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘काय कळत नाही? दाखव.’ त्या दिवशी ती दिवेलागणीनंतर घरी गेली. सोमवारी शाळा सुटल्यावर ती न विचारता माझ्याबरोबर चालू लागली.

इथे आमच्या पुडीबद्दल सांगायला हवं. चाफा बाजारात जातो तो दहा-दहा फुलांच्या पुडीने. पण आमच्या घरात पुडी बांधताना दहा मोजून झाल्यावर वर एक फूल टाकायचं. ते देवाचं. ते मोजायचं नाही, बोलायचंही नाही. कोणी विचारलं तर पुडी दहाचीच. मी बोलायला शिकले त्याच सुमाराला पुडी बांधायला शिकले, त्यामुळे दहा म्हटलं की माझा हात आपोआप अकराव्या फुलाकडे जातो. बाजारातली माणसंही हे ओळखून आहेत, म्हणून आमच्या पुड्या आधी उचलल्या जातात.

तर पप्पांना एक युक्ती सुचली. मला समजवायला गेलं वर्षभर त्यांना ती सुचली नव्हती, तिला समजवायला आठवड्यात सुचली. एका संध्याकाळी त्यांनी ओटीवर तीन बांधलेल्या पुड्या ठेवल्या आणि शेजारी चार सुटी फुलं.

‘तिन्ही पुड्यांत सारखीच फुलं आहेत,’ ते म्हणाले. ‘ही चार धरून सगळी मिळून पंचवीस. एका पुडीत किती?’

‘दहा,’ मी ताबडतोब म्हणाले. मग खरं बोलावं म्हणून म्हणाले, ‘म्हणजे अकरा.’

‘मी पंचवीस म्हटलं ना?’

‘मग तुम्ही मोजायला चुकलात.’

आई आतून हसली. माझी बाकावरची मैत्रीण मात्र पुड्यांकडे बघतही नव्हती. तिने चार सुटी फुलं उचलून बाजूला ठेवली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली आणि म्हणाली, ‘सात.’

पप्पांनी पुडी सोडली. सात फुलं निघाली. तिने माझ्यासारख्या दहा वर्षं पुड्या बांधल्या असत्या, तर मी बघितलं असतं तिचं सात कसं येतं ते! तिला पुडी माहीतच नव्हती, म्हणून तिला ती सोडवता आली. मला ती इतकी माहीत होती की मी समोरचा पंचवीसही मोडीत काढला. पप्पांनी माझ्याकडे बघून म्हटलं, ‘तुला एक्स दिसतच नाही गं. तुला पुडीच दिसते.’ बोलले ते हसून, पण ती समोर बसलेली असताना बोलले, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्यानंतर ती रोजच येऊ लागली. शाळेतून आमच्याकडे, आईच्या हातचा चहा, मग पप्पा येईपर्यंत बाकीचा अभ्यास, मग गणित. आयत्या बिळावर नागोबा. आमची घरची बोली वेगळी आहे. ती कागदावर नीट उतरत नाही म्हणून मी इथे सगळं शाळेच्या मराठीत लिहिते आहे, पण पप्पा तिच्याशी खरोखरच शाळेच्या मराठीत बोलायचे, अगदी ‘आहेस का’, ‘समजलं का’ करत. ते एक वेळ ठीक. पण ती बसलेली असताना माझ्याशीही तसंच बोलायचे. माझ्याच ओटीवर माझेच वडील माझ्याशी पाहुणीसारखे बोलायचे. एकदा मी मुद्दाम आमच्या बोलीत उत्तर दिलं, तर म्हणाले, ‘तिला कळेल असं बोल.’

आणि मग एके दिवशी तिचं एक अवघड समीकरण सुटलं. दोन्ही बाजूंना एक्स होते, अपूर्णांक होते, मी तर पहिल्याच ओळीला हात टेकले होते. तिने ते सोडवलं आणि पप्पा म्हणाले, ‘शाब्बास गं बाय!’

आमच्याकडे लेकीला लाडाने बाय म्हणतात. घरात ती हाक फक्त माझी होती. मी उठले आणि मागे वाडीत जाऊन मोगऱ्याला पाणी घालत बसले. सकाळी घातलेलं होतं, तरी घातलं. आई मागे आली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, ‘सवत आली काय गं तुला?’ मी म्हणाले, ‘माझं डोकं दुखतंय.’ ‘डोकं नव्हे ते,’ आई म्हणाली आणि माझ्या हातातली झारी घेऊन गेली.

पिकतं तिथे विकत नाही, असं ऐकत आले होते. पण इथे उलटंच होतं. आमच्याकडे पिकलेलं गणित बाहेरची पोर फुकट घेऊन जात होती आणि मी बघत बसले होते.

त्याच सुमाराला शाळेत चाचणी झाली. एक उदाहरण होतं मेणबत्त्यांचं. पाच पाकिटांत सारख्या मेणबत्त्या, तीन सुट्या, सगळ्या मिळून त्रेसष्ट. एका पाकिटात किती? तिचं उत्तर आलं बारा. माझं आलं अकरा. बाईंनी माझ्या उत्तरावर फुली मारली होती. पेपर घरी नेला तेव्हा पप्पा बराच वेळ त्या फुलीकडे बघत राहिले. मग एकदम मोठ्याने हसायला लागले. मी प्रत्येक पाकिटात एक्स अधिक एक मेणबत्ती धरली होती! पाच गुणिले कंसात एक्स अधिक एक, अधिक तीन, बरोबर त्रेसष्ट. कंस सोडवला होता, तीन बाजूला नेले होते, पायरीन् पायरी बरोबर होती. फक्त प्रत्येक पाकिटात देवाची एक मेणबत्ती मी आपण होऊन घातली होती. मला ते लिहिताना कळलंही नव्हतं.

‘समीकरण अगदी बरोबर सोडवलंयस,’ ते डोळे पुसत म्हणाले. ‘फक्त दुकान आपलं समजलीस.’

मला वाटलं, चला, आज आपल्यावर खूश झाले. ते सुख किती टिकलं? दुसऱ्या दिवशी ती आल्याबरोबर त्यांनी तिला ही गोष्ट रंगवून सांगितली आणि ती पोट धरून हसली. माझी चूक होती ती, माझी आणि पप्पांची. ती तिला कशाला वाटून द्यायची? त्या संध्याकाळी मी तिच्याशी एक अक्षर बोलले नाही. तिला ते जाणवलंही नसेल, कारण ती पप्पांशी बोलत होती.

पण त्या हसण्याने एक झालं. मी हट्टाला पेटले. समोरच्या पुडीत काय आहे हे आपल्याला माहीत नाही, असं स्वतःला बजावून बजावून मी गणितं सोडवू लागले. जे डावीकडे करायचं तेच उजवीकडे करायचं. चार काढले तर दोन्हीकडून काढायचे, तिनाने भागलं तर दोन्हीकडे भागायचं. शेवटी आलेलं उत्तर परत पहिल्या ओळीत घालून बघायचं, जमलं तर खरं, नाही तर सगळं खोडायचं. हे पप्पा पहिल्यापासून सांगत होते. मी ते आत्ता ऐकलं, आणि तेही तिच्यावर मात करायची म्हणून. अभ्यास कुठल्या का भावनेने होईना, होतो. दहावीची शाळा सुरू झाली तोवर मला एका वेळी दोन समीकरणं, एक्सबरोबर वायसुद्धा, न अडखळता सोडवता यायला लागली होती.

आणि त्याचं फळ काय मिळालं? पप्पा माझी वही घ्यायचे, वरून खाली नजर फिरवायचे, ‘बरोबर, पुढचं कर’ म्हणायचे आणि वही परत द्यायचे. झालं. आमचं गणित एवढ्यातच आटपायचं. बाकीचा सगळा वेळ तिचा, कारण ती कंसाला चुकायची. कंसाच्या आधी वजा असलं की आतल्या सगळ्यांची चिन्हं बदलतात. ती फक्त पहिल्याचं बदलायची. वजा, कंसात एक्स वजा तीन, असं असलं की ती लिहायची वजा एक्स वजा तीन. शेवटचं अधिक तीन तिला काही केल्या यायचं नाही. पप्पा शांतपणे पेन्सिल घ्यायचे, कंसातल्या एकेका आकड्याला बाण काढायचे, ‘हे वजा एकट्यासाठी नाही, आतल्या सगळ्यांसाठी आहे’ म्हणायचे. ती मान हलवायची. दुसऱ्या दिवशी परत तेच. माझ्यावर सुरुवातीला चिडणारा माणूस तिच्यावर एकदाही चिडला नाही. मी समोर बसून बरोबर उत्तरं लिहीत होते आणि मनात म्हणत होते, एवढी हुशार आहे ना, मग एक कंस येत नाही होय गं?

गणपतीला ती गावी गेली. तिकडची माणसं गणपतीला घरी थांबतच नाहीत. आमच्याकडचं विसर्जन आटपलं होतं, तरी ती अजून यायची होती. इतक्या महिन्यांनी ओटी माझी झाली. मी लवकर हातपाय धुऊन बसले, पप्पा आले, चहा प्यायले, आणि मी त्यांच्या हातात वही दिली.

‘बरोबर,’ ते म्हणाले. ‘पुढचं कर.’

दुसऱ्या दिवशीही तेच. ती नव्हती तरी तेच! वही परत देऊन ते झोपाळ्यावर जाऊन पेपर वाचत बसले. मी रडायच्या बेतात होते. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं. कंसाचं गणित घेतलं, आधी वजा असलेलं, आणि पहिल्याचं चिन्ह बदललं, दुसऱ्याचं तसंच ठेवलं. पुढच्या सगळ्या ओळी त्या चुकीवर नीट रचल्या. उत्तर चुकलं. वही झोपाळ्यावर त्यांच्याकडे दिली आणि पेन्सिलही आठवणीने शेजारी ठेवली.

त्यांनी वाचलं. पेन्सिल उचलली, तशीच धरून ठेवली.

‘ही चूक तुझी नाही,’ ते म्हणाले.

‘माझीच आहे. माझ्याच वहीत आहे.’

‘तुझा कंस कधी चुकला नाही. तू चुकतेस तेव्हा जास्तीचं काहीतरी घालून चुकतेस. कधी एक मिळवतेस, कधी आकडा स्वतःच ठरवून मोकळी होतेस. तुझी चूक मी वही न उघडता सांगेन. ही तिची चूक आहे.’

कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

‘आणि खरं सांगू?’ ते आवाज खाली आणून म्हणाले, जसं काही ती आतच बसली होती. ‘आता तिचीही नाही. या वर्षीच्या चाचणीचा पेपर दाखवला होता तिने मला. सगळे कंस बरोबर होते. तिला केव्हाच यायला लागलंय. इथे आली की चुकते.’

‘मग तुम्ही रोज समजावता कशाला?’

‘तिच्या घरी नऊपर्यंत कोणी नसतं,’ पप्पा म्हणाले.

मला तिची दया यायला हवी होती. नंतर आली, पण ती पुष्कळ नंतर. त्या क्षणी मला आला तो राग. म्हणजे ही पण! मला वाटत होतं मी काहीतरी भारी डोकं चालवलं, तर ते तिने माझ्या आधीच चालवलं होतं, आणि पप्पांनी सगळं ओळखून तिला चालवू दिलं होतं.

‘आणि तू?’ ते म्हणाले. ‘तू कशाला चुकलीस मुद्दाम? तुझा बाप तर इथेच असतो.’

असतो, हो. रोज असतो, झोपाळ्यावर असतो, पेपर वाचत असतो. हे सगळं घशाशी आलं, पण बाहेर पडलं ते भलतंच.

‘मला पण समजवा,’ मी म्हणाले.

‘काय समजवू? येतं तुला.’

‘तरी समजवा.’

मग पेपरची घडी करून त्यांनी बाजूला टाकला आणि झोपाळ्यावर सरकून जागा केली. मी शेजारी बसले. त्यांनी माझ्या वहीत नवीन ओळ घेतली, कंस काढला, त्याच्या आधी वजा लिहिलं आणि आतल्या एकेका आकड्याला बाण काढत, मला ओ की ठो येत नसल्यासारखं, पहिल्यापासून समजवायला सुरुवात केली.

मी मध्येच म्हटलं, ‘परत सांगा.’

त्यांनी परत सांगितलं.